मिल्का झुर्कोचं पंचेचाळीस

परदेशातून येऊन वसलेल्या स्लोव्हाक मंडळींनी बांधलेल्या स्लोव्हाक हॉलच्या तळघरात दर मंगळवारी संध्याकाळी बाराएक पुरुष ओळीने उभे राहत. उजव्या हातात पिस्तूल, डावा हात पँटच्या खिशात. आमचा खेळच तसा होता. पिस्तूल एकाच हाताने धरायचं, दुसऱ्याचा आधार घेतला की माणूस बाद. मोकळा हात नुसता लोंबता ठेवला तर अंग डोलतं, म्हणून तो खिशात. आमच्या कार्व्हर्स लँडिंगमध्ये एखाद्याच्या पँटचा डावा खिसा फाटलेला दिसला की ओळखावं, हा मंगळवारचा गडी.

तिथे हुकूम द्यायचं काम माझ्याकडे होतं. ते काही माझ्या नेमबाजीमुळे मिळालं नव्हतं. तंबूतल्या नाटकांत मी उमेदीची सगळी वर्षं घालवली. वाऱ्याने तंबूचं कापड फडफडत असतानाही शेवटच्या बाकावरच्या म्हातारीला ऐकू गेलं पाहिजे, असा गळा कमावलेला. नदीच्या पुरात तंबू वाहून गेला, मंडळी पांगली आणि मी याच गावात सिनेमाची तिकिटं फाडत राहिलो. बारा पिस्तुलांच्या आवाजावर चढेल असा गळा गावात दुसरा नव्हता. गस हावलिक, आमच्या क्लबचा कप्तान, म्हणाला, "नाटक्या, तुला रंगमंच हवाय ना? हा घे. फक्त इथे प्रेक्षकांकडे पिस्तुलं आहेत, तेव्हा जपून बोल."

याच तळघरात एके मंगळवारी मिल्का झुर्को कॉफीची किटली घेऊन उतरली.

मिल्काला गावात सगळेच ओळखत. तिचे वडील काचेच्या कारखान्यात भट्टीवर होते, तीही तिथेच बाटल्या खोक्यांत भरायला लागली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा खोकी दाबायच्या यंत्रात तिचा डावा हात गेला, मनगटाच्या जरासा वर. कारखान्याने तिला टेलिफोनच्या बोर्डावर बसवलं. पुढे नवरा छातीच्या दुखण्याने गेला. मूलबाळ नव्हतं. दिवसा ती साऱ्या कारखान्याचे फोन जोडून द्यायची आणि संध्याकाळी हॉलच्या स्वयंपाकघरात राबायची. शुक्रवारचे पिरोही तिच्याच हातचे. एका हाताने कणीक लाटायची, बटाट्याचं सारण भरायची आणि काट्याने कडा दाबायची. बरणी उघडायची तर ती खणात अडकवून खण कमरेने दाबायची. बटाटा सोलायचा तर तो फळीतल्या खिळ्यावर टोचायची. कोणी मदतीला पुढे झालं तर म्हणायची, "सर बाजूला. माझा डावा हात म्हणजे टेबलाची कड."

मात्र चारचौघांत तिची डावी बाही कायम स्वेटरच्या खिशात असायची. चर्चमध्ये, बाजारात, ऐन ऑगस्टच्या घामातसुद्धा. हॉलमध्ये टांगलेल्या सहलीच्या फोटोंत बघा, मिल्का दरवेळी कोणाच्या तरी मागे, डावा खांदा आड करून उभी आहे.

तर त्या मंगळवारी ती पायरीवर थबकली आणि ओळीकडे बघत राहिली.

"गस, ही सगळी डावा हात खिशात घालून काय लपवतायत?"

"काही नाही. एका हातानेच मारायचं असतं."

"मग दुसऱ्या हाताचं काम काय?"

"काहीच नाही."

मिल्काने किटली खाली ठेवली. "मग माझं नाव कुठे लिहायचं ते सांग."

सगळे हसले. ती हसली नाही. पुढच्या मंगळवारी नवऱ्याचं जुनं बावीसचं रिव्हॉल्व्हर घेऊन आली. बावीसची गोळी बारीक आणि हत्यार हलकं. चक्री अंगठ्याने बाहेर काढायची, हत्यार लाकडाच्या ठोकळ्यात ठेवायचं, गोळ्या एकेक भरायच्या. ठोकळा तिने बाटल्यांच्या खोक्याचा स्वतःच केला. स्वेटरच्या खिशात डावी बाही खुपसून ती चौथ्या जागेवर उभी राहिली आणि मागून पाहणाऱ्याला सांगता आलं नसतं की या ओळीत कोणाला एक हात कमी आहे. दोन हिवाळ्यांत तिने क्लबमधल्या सगळ्यांना मागे टाकलं. हसणारे आता तिच्या शेजारची जागा मिळावी म्हणून लवकर येऊ लागले.

मग तो वसंत ऋतू आला. नदीकाठच्या क्लबांच्या ढालीच्या सामन्यांत आम्ही पहिल्यांदाच अंतिम फेरीत पोचलो. समोर मिंगस फेरी, पोलादाच्या कारखान्याचं गाव. अंतिम फेरीचा नियम वेगळा होता. अर्धा सामना बावीसवर, अर्धा सैन्याच्या पंचेचाळीसवर, म्हणजे जाड गोळीच्या पिस्तुलावर. दुसरं महायुद्ध संपून वीसेक वर्षं झाली होती आणि सैन्याचा उरलेला माल अजून दुकानांत येत होता. बूट, कांबळी, डबे आणि हे जाडजूड, जड पिस्तूल. प्रत्येकाकडे ते स्वतःचं हवं आणि प्रत्येकाने ते स्वतःच भरायला हवं. दुसऱ्याचा हात लागला की ती फैर, म्हणजे पाच गोळ्यांची खेप, बाद.

गसने मिल्काला स्वयंपाकघराच्या दारात गाठलं. मी तिथे पिरोही चाखत होतो.

"मिल्का, बावीसवर तू आम्हा सगळ्यांची आजी आहेस."

"आजी म्हणालास म्हणजे आता वाईट बातमी येणार."

"पंचेचाळीस भरायचं म्हणजे त्याची वरची स्लाइड मागे ओढावी लागते. स्प्रिंग अशी, की माझ्या मेव्हण्याचाही दोन्ही हातांनी घाम निघतो."

"ऑर्विलचा? त्याचा तर जिना चढतानाही निघतो."

"तुझी जागा त्याला द्यावी म्हणतो. या अंतिम फेरीपुरती."

मिल्का पुढचा पिरोही दाबत राहिली. काट्याचे ठसे नेहमीपेक्षा खोल उमटत होते. "या शनिवारपर्यंत थांब," ती म्हणाली. "पिस्तूल घेतलं तर जागा माझी. नाही घेतलं तर ऑर्विलची."

गस भला माणूस. म्हणाला, "शनिवारपर्यंत."

सैन्याचा उरलासुरला माल विकायचा वेंडेल स्प्रोट. त्याच्या दुकानाला मेण, ग्रीस आणि ओल्या कांबळ्यांचा वास यायचा. मिल्काने मला सोबत नेलं. काचेच्या कपाटात दोन पंचेचाळीस होती. एक कोणीतरी घासूनपुसून आरशासारखं केलेलं, मुठीला मोत्यासारख्या पट्ट्या. दुसरं राखाडी, धुरकट, शस्त्रागारात पुन्हा जुळवलेलं. त्याचा एक भाग एका कारखान्याचा, दुसरा दुसऱ्याच कारखान्याचा.

आमच्याकडे टरबूज आणि पिस्तूल दोन्ही कानाशी नेऊन विकत घेतात. टरबूज ठोकायचं, पिस्तूल हलवायचं. वेंडेलने मुठीतलं गोळ्यांचं मॅगझिन काढलं, नळी रिकामी असल्याची खात्री केली आणि चमकदार पिस्तूल माझ्या कानाशी हलवलं. एकदम गप्प.

"तिजोरी आहे तिजोरी!" वेंडेल म्हणाला. मग दुसरं हलवलं. ते बाळाच्या खुळखुळ्यासारखं वाजलं. "हे ऐका. मिसेस झुर्को, हे मी तुम्हाला विकलं तर गस मला हॉलमध्ये पाऊल टाकू देणार नाही."

मिल्काने चमकदार पिस्तूल हातात घेतलं. इकडेतिकडे बघितलं आणि त्याचं नाक दुकानाच्या फळीच्या कडेला लावलं. नळीचं तोंड फळीच्या वर मोकळं, भिंतीकडे. खालचा जाड भाग कडेला टेकलेला. बरणी खणात दाबावी तशी ती अंगाचा भार देऊन पुढे रेटू लागली.

"अहो! अहो बाई!" वेंडेल किंचाळला. "चरा पडेल! असं पॉलिश पुन्हा होत नाही!"

तिने लगेच मागे घेतलं. मग राखाडी उचललं. "याला चरा पडला तर?"

"याला? त्याला चरा पडलेला तुम्ही शोधून दाखवा."

तिने ते कडेला लावलं आणि रेटलं. स्लाइड बोटभर मागे सरली. पुन्हा रेटलं. अर्ध्यावर गेली, थरथरली आणि खटकन परत आली. पिस्तूल निसटून फळीवर आपटलं. कांबळी घ्यायला आलेल्या दोन बायका वळून बघू लागल्या. मिल्काची डावी बाही झटकन खिशात गेली. मला वाटतं, तिला कळलंही नसेल.

"चल," ती मला म्हणाली. "मला पीठ मळायचंय."

शुक्रवारी दुपारी मी स्वयंपाकघरात गेलो. ती पिठाने माखलेली. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "स्प्रिंगची भीती नाही मला. कड आहे, अंगात जोर आहे, जमेल ते. शिवाय एकदा उघडी अडकवली की झालं. मॅगझिन घालायचं, अंगठ्याने खटका दाबायचा, स्लाइड आपोआप पुढे. पाचवी गोळी गेली की ती पुन्हा आपोआप उघडी राहते. वेंडेलकडून सगळं विचारून घेतलंय मी फोनवर. दिवसभर दुसऱ्यांचे फोन जोडते, एक स्वतःसाठी जोडला."

"मग अडलंय कुठे?"

"मधेच गोळी अडकली तर?"

"तर काय, हात वर करायचा. मी येऊन बघणार, अडथळा खरा असेल तर पुन्हा फैर मिळते. आणि हात वर नाही केला तर जेवढ्या लागल्या तेवढ्याच धरायच्या." हे सगळं मी रोजच्या सवयीने बोलून गेलो.

"कुठला हात वर करायचा?"

आता माझ्या लक्षात आलं. उजव्यात पिस्तूल असतं आणि त्याचं तोंड लक्ष्याकडून हलवायचं नसतं. वर करायचा तो मोकळा हात, डावा.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी तिला एका गावातला किस्सा सांगितला. मी तरणाबांड राजपुत्र, प्रेयसीपुढे गुडघे टेकलेले आणि तंबूच्या दोरीत अडकून डोक्यावरचा केसांचा टोप वर गेला. टक्कल उघडं. प्रेक्षक लोळायचे बाकी होते. मी उठलो, टकलाला हात लावून मुजरा केला आणि उरलेला प्रवेश तसाच केला. दुसऱ्या दिवशी लोक ओरडले, "टोप काढा!"

मिल्का ऐकून घेत होती. "तुझा टोप आणि माझा हात एकच का रे?"

"नाही," मी म्हणालो. "टोप मला परत मिळाला."

ती अशी हसली की पिठाचा ढग उडाला. हसता हसता डोळे पुसले, तर गालावर पीठ. मग खुर्ची ओढून बसली.

"मला ते तळघर का आवडतं माहीत आहे? तिथे सगळ्यांचाच एक हात नसतो." मग गालावरचं पीठ पुसत म्हणाली, "म्हणजे तिथेसुद्धा मी लपूनच उभी असते की."

चांगल्या वाक्यानंतर थांबायचं असतं, एवढं रंगमंचाने मला शिकवलंय.

"उद्या वेंडेलकडे येतोस?" तिने विचारलं.

शनिवारी तिने राखाडी पिस्तूल पुन्हा मागितलं. या वेळी स्लाइड बंद करून नळीचा मागचा भाग अंगठ्याने दाबून पाहिला. नळी तसूभर हलली नाही. "खुळखुळतंय ते बाहेरचं," ती म्हणाली. "गाभा घट्ट आहे. माझ्यासारखंच आहे. बांध."

"मिसेस झुर्को, एकदा विचार करा. गस काय म्हणेल?"

"गसला चमकदार विक."

आणि खरंच, त्याच दुपारी गसने ते चमकदार पिस्तूल घेतलं. कानाशी हलवून, खूश होऊन.

त्यानंतर मिल्का रोज कामावरून सुटली की तळघरात यायची. चौथ्या जागेच्या मेजाच्या कडेला पिस्तुलाचं नाक लावायची आणि रेटायची. पहिले काही दिवस तळहात सुजला. ती टेलिफोनच्या तारा बोटांच्या टोकांनी लावायची आणि विचारणाऱ्याला सांगायची, "कणीक घट्ट झाली होती." मेजाच्या कडेला एक खाच पडत गेली. एक दिवस स्लाइड पूर्ण मागे गेली आणि अंगठ्याने तिने ती अडकवली. मी टाळी वाजवली. "गप रे," ती म्हणाली आणि लगेच, "पुन्हा बघ."

एप्रिलमधल्या एका रविवारी, चर्च सुटल्यावर, मिंगस फेरीची मंडळी आली. एकसारखी जाकिटं, इस्त्रीच्या पँट. त्यांचा कप्तान डेल मॅकॅडू दारातच थांबला.

"गस, काय हे? गावातले पुरुष संपले का?"

"पुरुष ढिगाने आहेत," गस म्हणाला. "नेमबाज कमी पडत होते."

बावीसवर मिल्काने आम्हाला पुढे नेलं. पंचेचाळीस सुरू झालं तसे मिंगस फेरीवाले जवळ येऊ लागले. गसचं चमकदार पिस्तूल नव्या बुटासारखं चावत होतं. तो ओठांतल्या ओठांत त्याला स्लोव्हाकमध्ये काय काय म्हणत होता ते मी हुकूम देताना ऐकत होतो. तरी त्याने नेटाने गुण मिळवले. मिल्काचा राखाडी खुळखुळा मात्र इमानाने चालत होता. भरायची, खटका दाबायची, मारायची. शेवटच्या फैरीला आलो तेव्हा पारडी बरोबरीला होती.

शेवटची फैर वेगाची. लक्ष्य वळून समोर येतं आणि दहा सेकंदांत पाठ फिरवतं. तेवढ्यात पाच गोळ्या.

"पाच गोळ्या भरा! उजवीकडे तयार? डावीकडे तयार? ओळ तयार!"

लक्ष्यं वळली. तळघर हादरलं. त्या गदारोळात चौथ्या जागेवरून दोनच आवाज आले. दोन आवाज आणि मग काही नाही. मी पाहिलं, रिकामं काडतूस बाहेर पडता पडता स्लाइडच्या चिमटीत अडकून धुराड्यासारखं उभं राहिलं होतं.

लक्ष्यांनी पाठ फिरवली. धूर छताला लागला.

"फैर संपली! कोणाचं अडकलंय का?"

ओळीत सगळे डावे हात खिशात. मिल्काचाही, म्हणजे तिची बाही. पिस्तूल लक्ष्याकडे रोखलेलं, मान ताठ. मला सगळं दिसत होतं, पण नियम नियम असतो. वर केलेला हात दिसल्याशिवाय मी पाऊल उचलू शकत नव्हतो. मी आयुष्यात कित्येक विरामांत उभा राहिलोय. इतका लांब विराम कुठेच नव्हता.

"शेवटचं विचारतो," मी म्हणालो, आणि माझा शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा गळा तिथे चिरकला. "कोणाचं अडकलंय?"

स्वेटरच्या खिशातून बाही बाहेर आली. कोपर वर गेलं, मग खांदा. बाही घसरून मागे पडली आणि दिव्याच्या उजेडात, दोन्ही गावांच्या डोक्यांवर, मिल्का झुर्कोचा उघडा हात उभा राहिला. मनगटाच्या जरासा वर संपणारा. पण मी पाहिलेल्या कुठल्याही हातापेक्षा उंच.

"चौथ्यावर अडलंय!" ती म्हणाली. आवाज अगदी टेलिफोनवरचा, स्वच्छ.

मी गेलो, पाहिलं. "अडथळा खरा आहे. फैर पुन्हा. अडथळा ज्याचा त्याने काढायचा."

गसचे हात नकळत पुढे आले होते. "गस, हात खिशात!" ती म्हणाली, आणि पहिल्यांदा कोणीतरी हसलं. तिने मॅगझिन सोडवलं. पिस्तुलाचं नाक मेजाच्या त्या खाचेत बसवलं, तोंड लक्ष्याकडे, आणि अंगाचा सगळा भार देऊन रेटलं. स्लाइड मागे गेली. रिकामं काडतूस मेजावर पडून टणटणत खाली गेलं. अंगठा वर, स्लाइड अडकली. डेल मॅकॅडूने तोंडातली विझलेली सिगार काढून हातात घेतली.

नियमाने पुन्हा फैर मारणारा एकटाच ओळीवर राहतो. बाकी सगळे मागे सरले. रिकाम्या ओळीवर, उजेडात, एक बाई.

"पाच गोळ्या भरा."

खट.

"उजवीकडे तयार? डावीकडे तयार?" दोन्हीकडे कोणी नव्हतं, पण हुकूम पुरा द्यायचा असतो. "ओळ तयार!"

पाच आवाज आले. घड्याळ लावावं इतके एकसारखे. पाचव्यानंतर स्लाइड उघडी राहिली, जशी राहायला हवी तशीच.

लक्ष्य आणलं तेव्हा दोन्ही कप्तान त्यावर वाकले. मधल्या काळ्या गोलाच्या पोटात पाचही भोकं एकमेकांना खेटून बसली होती, पिरोहीच्या कडेवरच्या काट्याच्या ठशांसारखी. डेलने मोजलं, पुन्हा मोजलं आणि आपल्या माणसांकडे वळून टोपी काढली. "घरी चला, पोरांनो. ढाल इथेच राहणार."

मग जे झालं ते तळघरात मावण्यासारखं नव्हतं. टाळ्या, बुटांचा धडाका, ऑर्विल जिन्यावर बसून ढसाढसा रडतोय. वरच्या मजल्यावर कोणीतरी अकॉर्डियन काढलं. मिल्काने स्वेटर काढून खुर्चीवर टाकला आणि उघड्या दंडांनी कोबीच्या भाजीचं भलं मोठं पातेलं डाव्या कोपराच्या खोबणीत अडकवून सगळ्यांना वाढत फिरली. मिंगस फेरीवाल्यांना दोनदा.

डेल मॅकॅडू तिच्यासमोर उभा राहिला. "बाई, ते राखाडी पिस्तूल विकता का? मागाल ती किंमत देतो."

मिल्काने डाव खाली ठेवला, रिकामं पिस्तूल ठोकळ्यातून उचललं आणि त्याच्या कानाशी हलवलं.

"हे तर खुळखुळतंय!" डेल म्हणाला.

"मग न खुळखुळणारं हवं असेल तर ऑगस्टात बाजारात या," ती म्हणाली. "टरबुजं चांगली येतात."

त्या मेजाला पुढे नवीन फळी बसवायची ठरली, तेव्हा सगळ्या क्लबने हात वर करून नाही म्हटलं. डावा हात. ती खाच अजून तिथे आहे. पण मला आठवतो तो सामन्यानंतरचा मंगळवार. नेहमीसारखी ओळ उभी राहिली, मी नेहमीसारखा गळा साफ केला आणि डावीकडून उजवीकडे नजर फिरवली. सगळ्यांचे डावे हात खिशात. चौथ्या जागेवरची बाही मात्र कोपरापर्यंत दुमडलेली, मोकळी.

"ओळ तयार," मी म्हणालो.